खर्जाची जागा

गिटार हें वाद्य आतां आपल्या घरांना परकें राहिलेलें नाहीं. शेजारच्या मुलाच्या हातांत ती असते, चित्रपटसंगीतांत असते, आणि महाविद्यालयाच्या संमेलनांत तर असतेच असते. परंतु व्यासपीठावर तीन गिटारी दिसल्या, तर त्यांतली एक जरा लांब मानेची व जाड तारांची असते. तिला तारा सहा नसून बहुधा चारच असतात, आणि ती वाजविणारा मनुष्य मागच्या बाजूला, ड्रमच्या शेजारीं उभा असतो. तो नेमकें काय वाजवितो हें विचारलें, तर बहुतेक श्रोत्यांना सांगतां येणार नाहीं. मात्र तो मध्येंच थांबला, तर गाण्याखालची जमीन सरकली, एवढें सर्वांनाच कळेल. ही बेस गिटार. तिचें वय सुमारें पाऊणशें वर्षें. या अल्प इतिहासांतली मौजेची गोष्ट अशी कीं, हें वाद्य हातीं घेणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण मूळचे गिटार वाजविणारे होते, आणि त्यांतले कित्येक तिच्याकडे आपखुषीनें आलेले नव्हते. कोणी जागा रिकामी पडली म्हणून आला, कोणी ठरलेला वादक फिरकला नाहीं म्हणून त्याच्या खुर्चीवर बसला. पुढच्या ओळींतून मागच्या ओळींत जाणें, असाच त्या बदलाचा अर्थ तेव्हां केला जात असे. मागच्या ओळींत गेल्यावर त्यांच्या हातून काय घडलें, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. मुंबईचे वादक या वाद्याला नुसतें 'बेस' म्हणतात. इंग्रजींत पाया या अर्थाचा जो शब्द आहे त्याचा उच्चारहि हाच. पण तो शब्द निराळा. वाद्याच्या नांवांतला शब्द लॅटिनमधून आलेला, आणि त्याचा अर्थ केवळ खालचा, ठेंगणा असा आहे. दोहोंची गल्लत पुष्कळांकडून होते, पण ती गल्लत फारशी वाईट नव्हे. आपल्याकडे यासाठीं खर्ज हा नामी शब्द तयार आहे. तंबोऱ्याच्या चार तारांतली जी शेवटची जाड तार, ती खर्जाची. मैफल संपल्यावर तिची वाहवा कोणी करीत नाहीं. परंतु ती उतरलेली असली तर गवई तोंड उघडणार नाहीं.

खर्जाचा स्वर काढणें हें मोठें खर्चाचें काम आहे. तारेचा स्वर एक सप्तक खालीं न्यावयाचा म्हणजे तिचीं कंपनें निम्मीं करावयाचीं. ताण तोच ठेवला, तर त्याला दोन मार्ग आहेत : तार दुप्पट लांब करावी, किंवा तितक्याच लांबीची तार चौपट वजनाची घ्यावी. गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ८२ कंपनें करते, बेसची ४१. पाश्चात्य वाद्यवृंदांतला डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या कुटुंबांतला तो थोरला, बव्हंशीं पहिल्या मार्गानें गेला. त्याची वाजणारी तार चाळीस इंचांहून लांब, आणि वाद्य उभ्या माणसाच्या डोक्याहून उंच. सारंगीप्रमाणें त्याच्या पट्टीवर पडदे नसतात. बोट नेमकें कोठें ठेवावें हें कानानें ठरवावयाचें. असें वाद्य घेऊन गांवोगांव हिंडणाऱ्या नाचगाण्यांच्या बँडांतल्या वादकाची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पना करावी. तें मोटारींत मावत नसे, म्हणून टपावर बांधावें लागे. पाऊस आला कीं लांकूड फुगे. एवढें करून मुक्कामाला पोंचावें, तों बँडांतले कर्णे आणि ड्रम यांच्या गजरांत त्याचा आवाज ऐकूं येत नसे. पुढें गिटारीला वीज लागली, तेव्हां तर या बिचाऱ्याचें अगदींच कांहीं चालेनासें झालें.

यावर तोड काढण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंतल्या सिएटल शहरीं पॉल टटमार्क नांवाच्या एका संगीतशिक्षकानें १९३६ च्या सुमारास केला होता. आडवें धरून वाजवावयाचें, पडदे असलेलें, विजेवर चालणारें भरीव लांकडाचें बेस त्यानें तयार केलें आणि विकावयासहि ठेवलें. पण त्याला गिऱ्हाईक लाभलें नाहीं. काळ आला नसला म्हणजे उत्तम कल्पनाहि दुकानांत धूळ खात पडते.

तो काळ १९५१ च्या अखेरीस आला. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन या गांवीं लिओ फेंडर नांवाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्यानें १९३८ मध्यें दुकान थाटलें. गिऱ्हाइकें ध्वनिवर्धक आणि गिटारी दुरुस्तीला आणीत, आणि त्यांच्या तक्रारी ऐकतां ऐकतां तो स्वतःच वाद्यें करूं लागला. गंमत अशी कीं, या माणसाला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. पण वाजविणाऱ्याचें गाऱ्हाणें शांतपणें ऐकून घेण्याचा गुण त्याच्या अंगीं होता, आणि मला वाटतें कीं वाद्यें बनविणाराला तो गुण बोटांतल्या कलेपेक्षां अधिक उपयोगी पडतो. त्यानें डबल बेसच्या त्याच चार तारा, त्याच स्वरांत, ३४ इंच लांबीवर बसविल्या. म्हणजे तार गिटारीहून लांब, पण दुप्पट नव्हे. उरलेली भरपाई तारेच्या जाडीनें केली. पोकळ पेटी काढून टाकली, कारण आवाज वाढविण्याचें काम आतां पेटीचें नव्हतें, विजेचें होतें. आणि पट्टीवर सतारीसारखे पडदे घातले. या पडद्यांमुळें स्वर बिनचूक लागतो, म्हणून वाद्याचें नांव ठेवलें 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा.

त्या पडद्यांत फेंडरचा दुसराहि एक हिशेब होता. ज्याला गिटार येते त्याला हें वाद्य एका दिवसांत हाताळतां यावें, आणि वेळप्रसंगीं त्यानें बेसवाल्याची जागा भरून काढावी, हा तो हिशेब. गिटारीच्या खालच्या चार तारा आणि बेसच्या चार तारा यांचीं स्वरनांवें तींच आहेत. बोटांच्या जागाहि त्याच. फक्त सर्व कांहीं एक सप्तक खालीं. म्हणजे या इतिहासाचें बीज वाद्याच्या रचनेंतच पेरलेलें होतें. गिटारवाल्यासाठीं दार मुद्दाम उघडें ठेवलें होतें. आंत मात्र कोणाला जावयाचें नव्हतें.

आरंभीं या वाद्याची थट्टाच फार झाली. जॅझच्या मंडळींना तें ना धड गिटार ना धड बेस असें वाटे. लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडांत १९५३ मध्यें मंक मॉन्टगोमेरी यांच्या हातीं तें देण्यांत आलें. ते डबल बेसचे वादक, आणि सुप्रसिद्ध गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी यांचे वडील बंधु. हें परकें लांकूड हातीं धरण्यास त्यांचें मन प्रथम घेत नव्हतें. तरी त्याच वर्षीं आर्ट फार्मर यांच्या तबकडीसाठीं त्यांनीं तें वाजविलें, आणि जॅझच्या ध्वनिमुद्रणांत बेस गिटार ऐकूं येण्याचा तो अगदीं आरंभींचा प्रसंग समजला जातो. सर्वच डबल बेसवाल्यांना हें साधलें असें नाहीं. एल्व्हिस प्रेस्ली यांचे जुने साथीदार बिल ब्लॅक यांना १९५७ मध्यें एका चित्रपटाच्या गाण्यासाठीं हें नवें वाद्य दिलें, तेव्हां सुरवातीचा टप्पा कांहीं केल्या त्यांच्या हातीं बसेना. अखेर संतापून त्यांनीं वाद्य खालीं टाकलें व ते निघून गेले, आणि एल्व्हिस यांनींच तें उचलून तो भाग वाजविला, अशी हकीकत आहे. ज्याचें सारें आयुष्य त्या उंच लांकडाला टेकून गेलें त्याचा राग मला समजूं शकतो. नवें यंत्र येतें तेव्हां तें कोणाच्या तरी जुन्या हातांवरून चालत येतें.

आतां लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळूं. तेथें १९६० च्या आसपास खर्जाची मोठी विचित्र व्यवस्था होती. एकाच गाण्याला तीन तीन बेसवाले बसवीत. एक डबल बेसवाला भरदार, गोल नादासाठीं. दुसरा नखीनें वाजविणारा फेंडरवाला धारेसाठीं. आणि तिसरा सहा तारांची एक बेस हाताच्या तळव्यानें दाबून टिकटिक असा आवाज काढण्यासाठीं. तिघांचा मिळून एक खर्ज! छोट्या रेडिओच्या कर्ण्यांतून खालचे स्वर नीट ऐकूं येत नसत, म्हणून हा खटाटोप. या गर्दींतच एका गिटारवादक बाईंनीं बेस हातीं घेतली.

त्यांचें नांव कॅरोल के. जन्म १९३५ चा, वॉशिंग्टन प्रांतांतील एव्हरेट गांवचा. आईबाप दोघेहि वादक, पण घरांत पैसा नव्हता. तेराव्या वर्षीं आईनें एक स्टील गिटार घेऊन दिली, आणि चौदाव्या वर्षीं ही मुलगी इतरांना शिकवून कमावूं लागली होती. पुढें लॉस एंजेलिसच्या क्लबांतून ती जॅझ वाजवी. तेथें १९५७ मध्यें बम्प्स ब्लॅकवेल नांवाच्या निर्मात्यानें तिला ऐकलें आणि सॅम कुक यांच्या ध्वनिमुद्रणाला बोलाविलें. क्लबांतल्या जॅझपेक्षां स्टुडिओंत पैसा अधिक मिळे, आणि घरीं मुलें होतीं. कला मोठी कीं चूल मोठी, हा प्रश्न ज्यांना कधीं पडला नाहीं त्यांनींच तिला नांवें ठेवावीं. रिची व्हॅलेन्स यांच्या १९५८ च्या 'ला बाम्बा' या गाण्यांत जी गिटारीची साथ आहे, तींत या बाईंचा हात आहे.

कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओंत १९६३ मध्यें एके दिवशीं ठरलेला बेसवाला आलाच नाहीं. कोणी तरी फेंडर बेस आणून कॅरोलबाईंच्या हातीं दिली. तोंपर्यंत त्या गाण्यांत तिसरी चौथी गिटार वाजवीत असत; म्हणजे सात आठ जणांच्या गलबल्यांत आपला एक झणत्कार मिसळावयाचा. खर्ज हातीं येतांच त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आतां गाण्याचा डौल आपल्या हातीं आहे. एक स्वर अलीकडे पलीकडे सरकविला कीं सारें गाणें वळतें. शिवाय व्यवहाराची बाजूहि होती. स्टुडिओच्या गिटारवाल्याला तीन चार प्रकारच्या गिटारी वाहून न्याव्या लागत. बेसवाल्याला एकच पुरे. मग त्या फिरून मागें वळल्या नाहींत.

त्या गिटारवाली म्हणून आल्या, आणि त्यांची बेस शेवटपर्यंत गिटारवालीचीच राहिली. बोटांऐवजीं कणखर नखीनें त्या वाजवीत. तारांवर, घोडीच्या जवळ, फेल्टची एक पट्टी दाबून बसवीत, म्हणजे स्वर लांबत नसे. ठोक्याबरोबर उमटून ठोक्याबरोबर थांबे. तिघा बेसवाल्यांचें जें काम, तें एवढ्या युक्तीनें एका वाद्यांत येऊं लागलें. सॉनी आणि शेर यांच्या 'द बीट गोज ऑन' या १९६७ च्या गाण्याला मूळ चालींत फारसा उठाव नव्हता. त्याला आज जी खर्जाची वळणदार ओळ आहे, ती बाईंनीं स्टुडिओंत बसूनच रचली. 'मिशन : इम्पॉसिबल' या १९६६ सालीं सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकसंगीतांत त्यांची बेस आहे, ग्लेन कॅम्पबेल यांच्या 'विचिटा लाइनमन' (१९६८) या गाण्यांत आहे. बीच बॉइज या मंडळीच्या 'पेट साउंड्स' (१९६६) या तबकडीवरहि बऱ्याच ठिकाणीं आहे. तेथें मात्र श्रेय निराळें आहे, आणि तें बाईंनीं स्वतःच स्पष्ट सांगितलें आहे : त्या खर्जाच्या ओळी ब्रायन विल्सन यांनीं लिहून आणलेल्या असत. विल्सन स्वतः आपल्या मंडळींत बेस वाजवीत. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळीं ते कांचेपलीकडे बसत आणि आपली जागा बाईंना देत. त्यांनीं काय केलें? गाण्याच्या स्वरसंघाताचा जो मूळ स्वर, तोच खर्जानें धरून बसावयाचा हा शिरस्ता मोडला. खर्ज त्या संघातांतल्या दुसऱ्याच स्वरावर ठेवला, आणि परिणामीं तेंच गाणें अधांतरीं तरंगतें आहे असा भास होऊं लागला. ही तबकडी इंग्लंडांत एका बेसवाल्यानें लक्ष देऊन ऐकली. त्याच्याकडे आतां जाऊं.

लिव्हरपूलचा पॉल मॅकार्टनी हा १९५७ मध्यें पंधरा वर्षांचा होता, आणि जॉन लेननच्या मंडळींत गिटार वाजविण्यासाठीं त्याला घेण्यांत आलें होतें. डावखोरा असल्यामुळें तो तारा उलट्या क्रमानें चढवी. त्याच वर्षीच्या १८ ऑक्टोबरला मंडळीबरोबरचा त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्यांत एकट्यानें गिटार वाजविण्याचा भाग त्याच्याकडे होता, आणि ऐन वेळीं त्याचीं बोटें अडखळलीं. हें त्याच्या मनाला इतकें लागलें कीं, एकल गिटार वाजविण्याचा नाद त्यानें तेथेंच सोडला. दुसऱ्या वर्षीं जॉर्ज हॅरिसन आला आणि ती जागा त्यानें घेतली. आतां एका मंडळींत तीन गिटारवाले, आणि खर्जाला कोणी नाहीं!

लेननचा चित्रकार मित्र स्टुअर्ट सटक्लिफ याचें एक चित्र लिव्हरपूलच्या प्रदर्शनांत ६५ पौंडांना विकलें गेलें. त्या पैशाच्या जोरावर त्यानें १९६० च्या आरंभीं हॉफनर कंपनीची एक बेस घेतली, ती मित्रांच्या आग्रहावरून. वाजवितां फारशी येत नसे. पण जागा भरली. त्याच वर्षीच्या ऑगस्टांत ही मंडळी जर्मनींतल्या हॅम्बुर्ग बंदरीं गेली आणि खलाशांच्या वस्तींतल्या क्लबांतून रात्र रात्र वाजवूं लागली. मॅकार्टनीची स्वस्तांतली गिटार या माऱ्यांत मोडकळीस आली. मग तो क्लबांतल्या पियानोवर बसूं लागला. म्हणजे १९६१ मध्यें दुसऱ्या खेपेस मंडळी हॅम्बुर्गला होती तेव्हां मॅकार्टनीजवळ धड वाद्य नव्हतें, आणि सटक्लिफला तर वाद्यच नको होतें. त्याला चित्रें काढावयाचीं होतीं, आणि तेथल्याच एका छायाचित्रकार तरुणीवर त्याचें मन जडलें होतें. त्यानें मंडळी सोडली व हॅम्बुर्गच्या कलाशाळेंत नांव घातलें. बेस कोण घेणार? लेनन नको म्हणाला. हॅरिसन नको म्हणाला. उरला मॅकार्टनी. खर्जवाला म्हणजे मंडळींतला मागें उभा राहणारा लठ्ठ मुलगा, अशी त्या वेळीं मुलांची समजूत असे, आणि आपल्यालाहि ती जागा नको होती, हें मॅकार्टनीनें पुढें अनेकदां हंसत हंसत सांगितलें आहे.

सटक्लिफनें आपली बेस कांहीं दिवस त्याला उसनी दिली, पण तारा उलट्या न चढविण्याच्या अटीवर. तेव्हां या डावखोऱ्या मुलानें सरळ तारांचें वाद्य उलटें धरून काम भागविलें. पुढें त्यानें हॅम्बुर्गच्या दुकानांत हॉफनरचीच, व्हायोलिनच्या आकाराची एक बेस पाहिली. किंमत सुमारें ३० पौंड. फेंडरची किंमत त्याच्या कितीतरी पट. ती परवडण्यासारखी नव्हती. शिवाय व्हायोलिनचा आकार दोन्ही अंगांनीं सारखा, तेव्हां ती डाव्या हातानें धरली तरी चमत्कारिक दिसत नाहीं, हाहि विचार होता. जगांतलें सर्वांत ओळखीचें बेस गिटारीचें जें चित्र, तें अशा रीतीनें काटकसरींतून आणि डावखोरेपणांतून निर्माण झालें आहे. सटक्लिफ बिचारा १९६२ च्या एप्रिलांत, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, मेंदूंतल्या रक्तस्रावानें वारला. बीटल्सची पहिली तबकडी त्यानंतर सहा महिन्यांनीं निघाली.

मॅकार्टनीनें खर्जाचें काय केलें हें समजण्यास त्याचें गिटारवालेपण आणि त्याहूनहि त्याचें गाणारेपण ध्यानांत घ्यावें लागतें. तो मुळांत चाली बांधणारा. खर्ज हातीं आल्यावर तो खर्जांतहि चालीच बांधूं लागला. आरंभींच्या तबकड्यांत हें फारसें जाणवत नाहीं; तेथें तो इतरांसारखाच ठोक्याला ठोका देतो. याचें कारण कांहीं अंशीं तांत्रिक आहे. तबकडीवर खर्ज जास्त भरला तर सुई उडेल या भीतीनें लंडनच्या स्टुडिओचे अधिकारी तो दाबून ठेवीत. अमेरिकन तबकड्यांवरचा, विशेषतः डेट्रॉइटहून येणाऱ्या गाण्यांतला खर्ज ऐकला कीं मॅकार्टनीला व लेननला हेवा वाटे. अखेर १९६६ मध्यें 'पेपरबॅक रायटर' या गाण्याच्या वेळीं जेफ एमेरिक या तरुण तंत्रज्ञानें एक युक्ति केली. कर्णा आणि ध्वनिग्राहक यांची रचना मूलतः एकच. तेव्हां बेसच्या कर्ण्यासमोर त्यानें ध्वनिग्राहक म्हणून दुसरा मोठा कर्णाच उलट जोडून ठेवला. खालचे स्वर पकडण्यास मोठा पडदा हवा होता, तो मिळाला. आणि पुढच्या वर्षीं 'सार्जंट पेपर' या तबकडीच्या वेळीं तर मॅकार्टनी बहुतेक गाण्यांचा खर्ज सर्वांत शेवटीं, बाकीचें सारें मुद्रित झाल्यावर, एकटा बसून वाजवूं लागला. पाया आधीं घालावा हा जगाचा नियम; यानें घर बांधून झाल्यावर पाया घातला. पण त्यामुळें प्रत्येक स्वर गाण्याला जाब देत चालतो. 'पेट साउंड्स'चें ऋण त्यानें उघडपणें मान्य केलें आहे. म्हणजे विल्सन यांनीं लिहिलेला आणि लॉस एंजेलिसच्या एका जुन्या गिटारवादक बाईंनीं नखीनें वाजविलेला खर्ज लंडनच्या एका जुन्या गिटारवाल्याच्या बोटांत उतरला. यांतल्या कोणालाहि आरंभीं हें वाद्य नको होतें किंवा ठाऊक नव्हतें.

डेट्रॉइटचा जो खर्ज म्हणालों, तो जेम्स जेमरसन यांचा. ते गिटारवाले नव्हत, डबल बेसचे; पण त्यांच्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. मोटाऊन कंपनीच्या तळघरांतल्या स्टुडिओंत उजव्या हाताच्या एकाच बोटानें, तर्जनीनें, ते वाजवीत. तारा सहसा बदलीत नसत. डबल बेसची सवय त्यांच्या हातांतून गेली नव्हती, आणि त्यामुळेंच त्यांच्या फेंडरला जो जडपणा आला तो गिटारवाल्यांना साधत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत घरोघर त्यांचीं बोटें वाजत होतीं. नांव मात्र कोणाला ठाऊक नव्हतें, कारण तबकडीच्या वेष्टनावर तें छापीत नसत. मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या १९७१ च्या तबकडीवर तें प्रथम गौरवानें छापलें गेलें. मोटाऊनच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा जंगी समारंभ १९८३ च्या मार्चांत झाला. त्याला जेमरसन यांना आमंत्रण नव्हतें. त्यांनीं बाहेर तिकीट विकत घेतलें आणि मागच्या खुर्चीवर बसून तो पाहिला, असें त्यांच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. त्याच ऑगस्टांत ते वारले.

नांव न छापण्याचा हा अन्याय एवढ्यावर थांबत नाहीं. त्यांतून पुढें भांडणें उत्पन्न होतात. मोटाऊनच्या कांहीं नामांकित गाण्यांतला खर्ज आपण वाजविला, असें कॅरोल के यांचें म्हणणें. तो जेमरसन यांचाच, असें डेट्रॉइटच्या मंडळींचें म्हणणें. हा वाद येथें सोडविण्याची माझी पात्रता नाहीं. पण वेष्टनावर चार अक्षरें छापलीं असतीं, तर दोन थोर वादकांच्या चाहत्यांवर एकमेकांशीं हुज्जत घालण्याची पाळी आली नसती, एवढें म्हणावेंसें वाटतें. बाईंनीं १९६९ मध्यें बेस शिकविणारें पुस्तक लिहिलें आणि पुढें बराच काळ त्या शिकवीत राहिल्या. २०२५ मध्यें 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या संस्थेनें त्यांना मान देऊं केला, तेव्हां नव्वद वर्षांच्या या बाईंनीं तो नाकारला. स्टुडिओंतले वादक एकत्र बसून जें काम करीत, त्याचें दर्शन त्या समारंभांत होत नाहीं, असें त्यांचें कारण होतें.

आपल्या मुंबईंतहि हें वाद्य फार लवकर रुळलें. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा भरणा पूर्वीपासून होताच. पाश्चात्य स्वरलिपि वाचणें त्यांना पिढीजात येत असे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ हे बेस गिटार वाजवीत, आणि त्या गाण्यांचा झोक ज्यांना आवडतो त्यांनीं एकदां गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून केवळ खालची ओळ ऐकून पाहावी. नांव न छापण्याची रीत येथेंहि तीच होती.

याच वर्तुळांत चरणजित सिंग हे होते. ते गिटार वाजवीत, बेसहि वाजवीत, आणि नवीन कोणतेंहि विजेचें वाद्य बाजारांत आलें कीं तें मिळविण्याची त्यांना हौस. त्यांच्यापाशीं असलेल्या एका जपानी यंत्राची कथा आपल्या विषयाला अगदीं लागून आहे. रोलंड या कंपनीनें १९८१ मध्यें टीबी-३०३ नांवाची एक लहान पेटी काढली. घरीं एकटा रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला बेसवाला मिळत नाहीं, म्हणून पेटींत स्वर भरून ठेवावे आणि तिनें खर्ज धरावा, ही मूळ कल्पना. म्हणजे गिटारवाल्याला खर्जाच्या जागीं जाण्याची गरजच पडूं नये! पण त्या पेटीचा आवाज बेस गिटारीसारखा मुळींच नव्हता; चिकट, वळवळणारा, कांहींसा पाण्याखालून आल्यासारखा. गिटारवाल्यांनीं तिच्याकडे पाठ फिरविली, आणि १९८४ मध्यें कंपनीनें ती बंद केली. पुढें शिकागोच्या तरुणांनीं जुन्या बाजारांतून त्या पेट्या मातीमोल किंमतीनें उचलल्या आणि तोच वळवळणारा आवाज घेऊन नाचाचें एक नवें संगीत उभें केलें, हा भाग १९८५ नंतरचा. चरणजित सिंग यांनीं मुंबईंत १९८२ मध्येंच ती पेटी दुसऱ्या दोन यंत्रांना जोडली आणि तिच्या खर्जावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यांत बसवून एक तबकडी काढली. भैरव, ललत, मेघमल्हार असे राग त्यांत आहेत. त्या वेळीं ती फारशी कोणी घेतली नाहीं. २०१० मध्यें ती पुन्हां निघाली, तेव्हां शिकागोच्या आधीं हें मुंबईंत झालें होतें काय, म्हणून युरोपांतले लोक चकित झाले. आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग तींच यंत्रें घेऊन तिकडच्या तरुणांपुढें ते राग वाजवून आले. २०१५ च्या जुलैंत मुंबईस ते निवर्तले.

मॅकार्टनीची ती हॅम्बुर्गची बेस १९७२ मध्यें लंडनच्या नॉटिंग हिल भागांत उभ्या असलेल्या एका गाडींतून चोरीस गेली होती. कांहीं चाहत्यांनीं आणि कंपनीच्या एका जुन्या अधिकाऱ्यानें पिच्छा पुरविला, आणि पन्नासांहून अधिक वर्षांनीं ती एका घराच्या माळ्यावर सांपडली. २०२४ च्या फेब्रुवारींत ती परत मिळाल्याचें जाहीर झालें. मोडतोड झाली होती. दुरुस्तीनंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, लंडनच्या कार्यक्रमांत, ब्याऐंशी वर्षांच्या मॅकार्टनीनें ती पुन्हां गळ्यांत घातली आणि वाजविली.